यादीत नसलेली होडी

गाडी पोवळ्याच्या धक्क्यावर येऊन उभी राहिली तेव्हा ऐन ओहोटी होती. आम्ही खाडीच्या अलीकडे, काळबेटच्या काठावर उभ्या होतो. मधे अर्धा मैल नुसता काळा, चकाकणारा चिखल आणि त्यातून एका चरात वाहणारं गुडघाभर पाणी. पलीकडे पोवळे गावाच्या धक्क्यावर ती पांढरीशुभ्र गाडी. डोक्यावर निळा दिवा, नाकावर झेंडूची माळ, दरवाज्याला गुलाबी फीत. बाजूवरची लाल अक्षरं इतक्या लांबून वाचता येत नव्हती, पण तिथे काय लिहिलंय ते मला ठाऊक होतं.

मथुरामावशीनं कपाळावर आडवा हात धरून बराच वेळ पाहिलं. मग माझ्याकडे वळून विचारलं, “शिष्टर, हिला पोहता येतं का?”

सगळ्या बायका खो खो हसल्या. मीही हसले. त्या हसण्याची मला पुढे फार लाज वाटली.

या गोष्टीला आता सत्तावीस वर्षं झाली. मी तेव्हा एकोणतीस वर्षांची होते. पुष्पलता धुमाळ, परिचारिका, उपकेंद्र काळबेट. गाव माझं भोरकडचं, डोंगरातलं. समुद्र मी नोकरी लागल्यावर पहिल्यांदा पाहिला आणि पहिल्या दिवसापासून त्याला भ्याले. काळबेटला जायला रस्ता नव्हता. भरती असली की पोशा तांडेलाच्या होडीतून जायचं, ओहोटी असली की पाण्याची वाट बघत धक्क्यावर बसायचं. होडीत बसले की मी डोळे मिटून घ्यायची. पोशाकाका वल्हं मारत म्हणायचे, “उघडा डोले, शिष्टरबाय. पानी तुमाला खात नाय.”

बेटावर तीनशे घरं, बहुतेक कोळ्यांची. मी यायच्या आठ वर्षं आधी समुद्रातल्या विहिरींतून तेल आणणारा नळ बेटाच्या उत्तरेला किनाऱ्याला लागला होता. खाडीपलीकडे कंपनीच्या मोठमोठ्या टाक्या उभ्या राहिल्या, एका उंच धुराड्याच्या टोकाला आग सतत जळत राहिली. नळाच्या दोन्ही अंगांना जाळी टाकायला मनाई झाली, त्यामुळे होड्यांना लांबचा वळसा पडू लागला. चार-पाच तरुणांना कंत्राटी पहारेकऱ्याचं काम मिळालं, त्यांनी जाळी माळ्यावर टाकली. आणि गावात ‘विकास’ येऊ लागला. देवळासमोर सिमेंटची कमान आली. बारा बाकं आली, प्रत्येकावर कंपनीचं नाव. शाळेला संगणक आला, वीज मात्र दिवसातून चार तास. बाकांवर बायका सुकट वाळवायच्या, तेवढा उपयोग.

त्या वर्षी कंपनीनं ठरवलं, की आता आरोग्यासाठी काहीतरी द्यायचं. त्यांचे देशमाने नावाचे अधिकारी येऊन गेले. चाळिशीचे, मृदू बोलणारे, सोबत एक जाड फाइल. गावाची बैठक देवळात भरली. काय हवं विचारल्यावर पुरुष एकमेकांकडे बघत राहिले. बोलली ती मथुरामावशी.

ती गावची सुईण. साठीला आलेली, बारीक चणीची, आवाज मात्र बाजारात मासळी विकून कमावलेला. पंचायतीची सभासदही होती. ती उभी राहून म्हणाली, “होडी द्या. सपाट तलाची, हलकी, इंजिनाची. आमच्या होड्यांचा तल निमुलता, त्या ओहोटीला रुततात. सपाट तलाची होडी चिखलावरनं घसरंल, त्या चरातनं बी निघंल. बाई अडली, माणूस पडला, तर पान्याची वाट बघत बसायला नको. दुसरं काय नको.”

देशमान्यांनी मान डोलावली. “अर्ज द्या. गावाच्या वतीनं सिस्टरांनी लिहून दिला तरी चालेल.”

“लिवा हो शिष्टर,” मथुरामावशी म्हणाली. “सपाट तलाची. ते इसरू नका.”

मी अर्ज लिहून दिला. सात महिन्यांनी आली ती ही गाडी, रुग्णवाहिका.

फीत कापायला कंपनीचे बडे साहेब मुंबईहून यायचे होते, त्यांना सवड मिळेपर्यंत गाडी धक्क्यावर कुलूपबंद राहणार होती. तिच्याशेजारी खुर्ची टाकून एक पहारेकरी बसवला होता. गावात चेष्टा सुरू झाली. पोरं तिला ‘नवरी’ म्हणू लागली. सरपंच अनंत भगत हात जोडून सांगत फिरत होते, “अरे, मिळालंय ते पदरात पाडून घ्या. होडी पुढच्या वर्षी मागू.” लोकांची समजूत अशी, की आपण मागितली होडी आणि कंपनीनं आपल्या मनानं दिली गाडी. ती समजूत कोणी दुरुस्त केली नाही.

गाडी येऊन सहा दिवस झाले आणि पोशाकाकांची सून रेवती अडली.

रेवती एकवीस वर्षांची, पहिलटकरीण. पहाटेपासून कळा येत होत्या. आठच्या सुमारास मथुरामावशीनं मला बोलावून घेतलं. मी पोटावर हात ठेवून चाचपलं. मूल आडवं होतं. मी मावशीकडे पाहिलं, तिनं माझ्याकडे पाहिलं. दोघींनाही एकच कळलं होतं. इथे काही होणार नाही, हिला तालुक्याला न्यायला हवं, शस्त्रक्रिया लागेल.

“पानी?” मावशीनं दारात उभ्या पोशाकाकांना विचारलं.

“गेलं,” ते म्हणाले. “आता दोनला.”

दोन वाजेपर्यंत थांबणं शक्य नव्हतं. पोशाकाकांनी होडी चिखलावर ओढली. तळाशी गोधड्या अंथरल्या, रेवतीला त्यावर निजवलं. मी तिच्या उशाशी बसले. तिचा नवरा समुद्रावर गेलेला, गावातले बहुतेक पुरुषही. त्यामुळे होडीला हात लावले ते पोशाकाकांनी आणि सात बायकांनी. काष्टे वर खोचून त्या मांड्यांपर्यंत चिखलात उतरल्या आणि होडी ढकलू लागल्या.

“हैश्शा! अजून एकदा, हैश्शा!”

होडी हातभर सरके आणि रुते. पुन्हा हातभर, पुन्हा रुते. ऊन चढत होतं. रेवतीनं माझं मनगट असं धरलं होतं, की तिच्या बांगडीचे वळ आठवडाभर माझ्या हातावर होते. सुरुवातीला ती ओरडत होती. मग नुसती कण्हू लागली. मी बाळाचे ठोके ऐकायला पोटाला कान लावत होते. अर्ध्या वाटेत, चराच्या थोडं अलीकडे, मला ते ऐकू येईनासे झाले. मी पुन्हा कान लावला. पुन्हा लावला. मथुरामावशी होडीच्या कडेला रेलून माझ्याकडे बघत होती. तिच्या भुवयांपर्यंत चिखल होता.  तिनं मान वळवली आणि आधीपेक्षा मोठ्यानं ओरडली, “हैश्शा! बाई तरी वाचवा गो!”

अडीच तास लागले. धक्क्याला पोचलो तेव्हा सगळ्यांच्या समोर ती गाडी उभी. स्वच्छ, कोरी. आतली गादी काचेतून दिसत होती, तिच्यावरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं.

“उघड,” पोशाकाका पहारेकऱ्याला म्हणाले.

तो उठून उभा राहिला. पोरगेलासा होता, घाबरला होता. “काका, चावी साहेबांकडंय. माझ्याकडं नाय, आईशप्पथ. आणि डायवरही अजून नेमलेला नाय.”

 पोशाकाका वळले आणि बर्फ उतरवणाऱ्या एका मासळीच्या टेंपोला हात केला. रेवतीला बर्फाच्या रिकाम्या पेट्यांमधे निजवून आम्ही तालुक्याला नेलं.

रेवती वाचली. मूल मेलेलंच निघालं. शस्त्रक्रिया केलेल्या डॉक्टरीणबाई हात पुसत बाहेर आल्या आणि मला म्हणाल्या, “सिस्टर, दोन-अडीच तास आधी आणली असती तर दोन्ही वाचली असती.” त्यांनी दोष देण्यासाठी म्हटलं नव्हतं. मी माझ्या हातानं फडक्यात गुंडाळलेलं ते एवढंसं ओझं मथुरामावशीच्या हातात दिलं. ती आणि पोशाकाका भरतीच्या पाण्यावरून ते बेटावर घेऊन गेले. रेवती तेव्हा शुद्धीवर नव्हती.

त्यानंतर नवव्या दिवशी समारंभ होता. आदल्या दिवशी दुपारी मथुरामावशी उपकेंद्रात आली आणि बाकावर न बसता उभ्यानंच म्हणाली, “उद्या चावी कोनाच्या हातात देनार?”

“माझ्या. तसं पत्र आलंय.”

“मग घेऊ नका.”

मी समोरची नोंदवही मिटली.

“मी सरपंचाला इचारलं. त्याची छाती होत नाय. तुमी सांगा, गावानं होडी मागितली होती, आमाला होडी द्या. एवढंच. भांडू नका, रडू नका. आमी सगल्या मागं उभ्या राहू.”

“माझी नोकरी सरकारी आहे, मावशी. तालुक्याचे डॉक्टर येणार आहेत. वरून सांगून आलंय, की चावी घ्यायची, आभार मानायचे.”

“ठावं हाय.” ती माझ्या डोळ्यांत बघत राहिली. “तरी सांगते.”

मी हो म्हटलं. हो म्हणताना मला जी भीती वाटत होती ती नोकरीची नव्हती. ती वेगळीच होती आणि मावशीला तिची कल्पना नव्हती.

धक्क्यावर मांडव घातला होता. भरतीची वेळ साधून ठेवली होती, त्यामुळे सगळं बेट होड्या भरभरून आलं. बायका हिरव्या-पिवळ्या लुगड्यांत, डोक्यात फुलं माळून, जशा लग्नाला येतात तशा. बडे साहेब उंच, पांढऱ्या केसांचे, हसतमुख. त्यांच्या शेजारी सरपंच, तालुक्याचे डॉक्टर, आणि कडेला फाइल घेऊन देशमाने. साहेबांनी कंपनीनं आजवर किनाऱ्यासाठी काय काय केलं ते सांगितलं, फीत कापली आणि भली मोठी पुठ्ठ्याची चावी हातात घेऊन माझं नाव पुकारलं.

मी वर गेले.  मी दोन्ही हात साडीच्या पदरात धरले आणि म्हणाले, “साहेब, ही चावी मी घेऊ शकत नाही. आमच्या गावाला रस्ता नाही. गावानं होडी मागितली होती.”

 तालुक्याचे डॉक्टर खुर्चीतून अर्धे उठले. साहेबांचं हसू तसंच राहिलं, पण त्यांनी मान वळवून देशमान्यांकडे पाहिलं.

देशमाने लालबुंद झाले होते. तो माणूस वाईट नव्हता, हे मला आजही म्हणावंसं वाटतं. त्यांनी त्या गाडीसाठी सात महिने खेटे घातले होते. ते पुढे आले, फाइल उघडली आणि दुखावलेल्या आवाजात म्हणाले, “साहेब, गावाचा अर्ज माझ्याजवळ आहे. ‘काळबेट गावास एक सुसज्ज रुग्णवाहिका मिळावी.’ संपूर्ण अर्जात होडी हा शब्द नाही. खाली सही आहे, पुष्पलता धुमाळ.”

सगळं गाव माझ्याकडे बघत होतं. मथुरामावशी पहिल्या रांगेत होती. रेवती तिसऱ्या रांगेत सासूच्या खांद्याला टेकून बसली होती. तिला आणू नका म्हणून मी सांगितलं होतं, तरी ती आली होती.

“सिस्टर,” सरपंच हलक्या आवाजात म्हणाले, “काहीतरी घोटाळा झाला असेल. दुसराच कागद असेल.” देशमाने माझ्याजवळ सरकले आणि तेही पुटपुटले, “म्हणा, तुम्हाला पाण्यावरची रुग्णवाहिका म्हणायचं होतं. शब्दाची चूक. मी सांभाळून घेतो.”

वाट मोकळी करून दिली होती त्यांनी. एक वाक्य, आणि मी सुटले असते. मी तोंड उघडलंही. पण समोर रेवती होती.

“घोटाळा नाही,” मी म्हणाले. “कागद माझाच आहे. गावानं मला होडी लिहायला सांगितलं होतं. देशमानेसाहेबांनी नंतर याच धक्क्यावर मला सांगितलं, की त्यांच्या यादीत होडी नाही. यादीबाहेरचं मागितलं तर अर्ज परत येतो, रुग्णवाहिका मागितली तर नक्की मिळते. मला वाटलं, काहीच न मिळण्यापेक्षा ते बरं. आणि…” मी रेवतीकडे पाहिलं. “आणि ज्या उपकेंद्राला रुग्णवाहिका असते, तिथल्या नर्सला रस्त्याकडेला खोली मिळते. मला इथे पोवळ्यात खोली मिळाली असती. मला पाण्याची भीती वाटते. म्हणून मी होडी गाळली आणि रुग्णवाहिका लिहिली. गावाला सांगितलं नाही. गाडी आली, सगळे कंपनीला हसले, तेव्हाही सांगितलं नाही.”

कुणीतरी मागून शिवी हासडली. पोशाकाका खाली मान घालून बसले. मला वाटलं, आता हे लोक उठून निघून जातील आणि मी या मांडवात एकटी उरेन.

मथुरामावशी उठली. सावकाश पायऱ्या चढून वर आली. ती मला मारणार असं मला खरंच वाटलं आणि मी मागे सरकले नाही. तिनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. ती देशमान्यांसमोर जाऊन उभी राहिली.

“साहेब, अर्ज खोटा, म्हंजे गाडी बी खोटी. बरोबर ना?”

“तसं… तांत्रिकदृष्ट्या…”

“खरा अर्ज आता लिवतो. कागद द्या.”

“आजी, तशी पद्धत नाही. पुढच्या वर्षीच्या यादीत…”

“तुमची यादी कोन करतो?”

देशमान्यांनी नकळत बड्या साहेबांकडे पाहिलं. मावशीनंही पाहिलं आणि ती तिकडे वळली. आवाज चढवला नाही, पण तो मांडवाच्या शेवटल्या खुंटापर्यंत पोचला.

“साहेब, तुमचं तेल दर्यातनं येतं. रात नाय, दिवस नाय, भरती नाय, ओहोटी नाय. कवा थांबत नाय. आमच्या पायाखालनं जातं ते. आमी जाली टाकीत होतो तिथनं जातं. आमी कवा अडवलं? आमच्या माणसांनी नल टाकताना तुमच्या लोकांना होडीतनं नेलं, खडक दाखवले. तेलाला तुमी वाट केली. आमची पोर अडीच तास चिखलात पडली होती, साहेब. तिथं, त्या चराच्या पलीकडं. तिला वाट नव्हती. आमी बाकं नाय मागितली, कमान नाय मागितली. आमाला काय पायजे ते आमाला इचारा, आनि आमी सांगतो तेच लिवा. यादी तुमची असंल, गाव आमचा हाय.”

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग पुठ्ठ्याची चावी टेबलावर ठेवली आणि विचारलं, “ती मुलगी कशी आहे?”

“ती काय बसली,” मावशी म्हणाली. “तिलाच इचारा.”

ते विचारायला गेले नाहीत. पण त्यांनी देशमान्यांना कागद द्यायला सांगितलं.

मावशीनं तो कागद माझ्यापुढे सरकवला. तेव्हा पहिल्यांदा तिनं माझ्याकडे पाहिलं. “तुमच्यावर राग हाय. तो जायाचा नाय इतक्यात. पन अक्षर तुमचंच बरं हाय. लिवा. शब्द लिवला की मोठ्यानं वाचायचा.”

मी लिहिलं. एकेक शब्द लिहून मोठ्यानं वाचला. ‘सपाट तळाची’ वाचल्यावर पोशाकाकांनी खालूनच लांबी-रुंदी सांगितली. इंजीन किती ताकदीचं, ते बर्फाच्या टेंपोवाल्यानं सांगितलं. ती चालवणारा माणूस बेटावरचाच असावा आणि चावी बेटावरच राहावी, हे बायकांनी एकसुरात सांगितलं. ते मी दोनदा वाचलं. खाली सरपंचांनी सही केली, मग बायकांनी रांगेनं अंगठे उमटवले. बड्या साहेबांनी पोच दिल्याशिवाय मावशी पायरीवरून हलली नाही. जेवणाची वेळ टळून गेली. भरती उतरायला लागली, पाहुणे अस्वस्थ झाले, तरी ती हलली नाही. शेवटी त्यांनी सही केली.

होडी यायला चौदा महिने लागले. त्या चौदा महिन्यांत मथुरामावशी कंपनीच्या फाटकावर किती वेळा गेली याची मोजदाद नाही. दर वेळी चार-पाच बायका सोबत, मासळीच्या पाट्या डोक्यावर तशाच. आधी म्हणाले मंजुरी नाही, मग म्हणाले आरोग्याच्या पैशातून नौका बसत नाही, मग म्हणाले बंदर खात्याचा दाखला हवा. मावशीनं दाखला आणला. देशमान्यांनी शेवटी यादीतच एक ओळ वाढवून घेतली आणि ते काम त्यांनी मनापासून केलं. गाडी तालुक्याच्या दवाखान्याला गेली, तिथे ती बरीच वर्षं धावली. मला खुलाशाची नोटीस आली, एक वेतनवाढ थांबली. दोन वर्षांनी बदली झाली, तोवर मी त्या होडीतून एकोणीस रुग्ण नेले. त्यातल्या सहा बाळंतिणी होत्या. भीती माझी गेली नाही. मी डोळे उघडे ठेवून भ्यायला शिकले, इतकंच.

पण मला सांगायचं आहे ते समारंभानंतरच्या तिसऱ्या दिवसाचं.

त्या तीन दिवसांत उपकेंद्रात कोणी फिरकलं नव्हतं. पाण्याची कळशी भरून ठेवणारी शेजारीणही आली नव्हती. मी सकाळी दार उघडून बसायची, दुपारी लावून घ्यायची. तिसऱ्या दिवशी दहा-अकराच्या सुमाराला रेवती आली. एकटी, भिंतीला धरत, टाक्यांमुळे वाकून चालत. मी धावत जाऊन तिला बसवलं. टाके बघू का म्हणून विचारलं. तिनं नकारार्थी मान हलवली.

ती पदराशी चाळा करू लागली. मग म्हणाली, “सिस्टर, मला एक इचारायचंय. घरात कोन सांगत नाय. सासू म्हनते, इसरून जा. मामंजी उठून बाहेर जातात. मथुरामावशी बी दुसरंच बोलायला लागते.”

“विचार.”

“तुमी मांडवात सगल्यांसमोर खरं बोललात. स्वतःच्या इरुद्ध बोललात. म्हनून तुमच्याकडं आले.” तिनं वर पाहिलं. डोळे कोरडे होते. “मुलगा होता का मुलगी?”

मी तिच्या समोर जमिनीवर बसले. ती शुद्धीवर यायच्या आत तिचं मूल कपड्यात गुंडाळून नेलं होतं, आणि तिच्या भल्यासाठी म्हणून साऱ्या गावानं तिच्यापासून ते लपवलं होतं.

“मुलगी,” मी म्हणाले.

“कशी होती?”

“केस दाट होते. कुरळे. कपाळावर आलेले.”

“आनि?”

“बोटं लांब होती. तुझ्यासारखी.”

तिनं स्वतःचे हात मांडीवर पसरले आणि बोटांकडे बघत राहिली. मग म्हणाली, “अजून सांगा.”

मी सांगत गेले. जेवढं पाहिलं होतं तेवढं सगळं सांगितलं, एक अक्षरही वाढवलं नाही, एकही गाळलं नाही. तिला पाहिजे होतं तितका वेळ आम्ही तिथे बसलो.